बिशप ऑकलंडचं नावही यायला हवं होतं

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत म्युनिकच्या विमान अपघातावर पानभर लेख आला होता. ६ फेब्रुवारी १९५८, मँचेस्टर युनायटेडची फुटबॉल टीम, धावपट्टीवरचा चिखलबर्फ, टेकऑफचा तिसरा प्रयत्न, २३ माणसं गेली त्यात ८ खेळाडू, सगळं व्यवस्थित आणि मनापासून लिहिलं होतं, डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये झुंजला तो भाग वाचताना मला खरंच भरून आलं. पण तिथून लेख एकदम युनायटेडने १९६८ ला जिंकलेल्या युरोपियन कपवर उडी मारतो आणि मधली दहा वर्षं एका ओळीत संपतात. टीम पुन्हा उभी राहिली म्हणे. अहो पण कशी उभी राहिली, दुसऱ्या आठवड्यात मैदानावर उतरायला अकरा माणसं आणली कुठून, हे कोण सांगणार? मला त्याबद्दलच लिहायचंय, कारण तिथे एका छोट्या गावच्या हौशी क्लबचं नाव येतं आणि आपल्याकडे गल्लोगल्ली युनायटेडचा लाल टीशर्ट घालून फिरणाऱ्या पोरांना ते नाव माहीतच नसतं.

क्लबचं नाव बिशप ऑकलंड. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम काउंटीत, विअर नदीच्या काठावरचं बाजारपेठेचं गाव आहे, वस्ती आजही पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपलं गडहिंग्लज धरा. माझी मुलगी जवळच डार्लिंग्टनला नोकरी करते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम बस पकडून ते गाव बघून आलो, त्यामुळे हे लिहिताना गाव डोळ्यासमोर आहे.

तर झालं असं की अपघातानंतर मॅनेजर मॅट बसबी म्युनिकच्या हॉस्पिटलात, वाचतात की नाही अशी अवस्था. त्यांचे असिस्टंट जिमी मर्फी त्या विमानात नव्हते, कारण ते वेल्सच्या टीमचंही काम बघायचे आणि त्याच वेळी कार्डिफला वेल्सची मॅच होती. सगळा भार त्यांच्यावर आला. त्यांनी रिझर्व्हची आणि ज्युनियरची पोरं वर घेतली, एर्नी टेलर आणि स्टॅन क्राउदर हे दोघं दुसऱ्या क्लबांकडून आणले, आणि १९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेविरुद्धची एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या कपची मॅच ३-० ने जिंकली पण. त्या दिवशीच्या छापील प्रोग्रॅममध्ये युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, कोण खेळणार हे छापायच्या वेळेला कुणालाच माहीत नव्हतं.

आता रिझर्व्हची पोरं वर गेली तर रिझर्व्हच्या मॅचेस कोण खेळणार? त्यांचीही लीग असते, ती काय थांबत नाही. तेव्हा बिशप ऑकलंडमधून तीन जण आले, बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली. तिघंही हौशी. हार्डिस्टी तर ३७ वर्षांचे झाले होते आणि खेळणं सोडून घरी बसले होते, तरी बसबींसाठी परत बूट घातले. बसबींची त्यांची ओळख जुनी, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटनच्या हौशी टीमचे कोच बसबी होते आणि हार्डिस्टी त्या टीममध्ये होते. लेविन आणि ब्रॅडली तेव्हाच्या इंग्लंडच्या हौशी टीमचे खेळाडू. ज्या क्लबकडे त्या काळातले देशातले सगळ्यात चांगले हौशी खेळाडू होते तो क्लब आपले खेळाडू देतो, तेही दुसऱ्याच्या दुसऱ्या फळीत खेळायला, ही गोष्ट मला त्या अख्ख्या कहाणीत सगळ्यात मोठी वाटते.

ब्रॅडलीचं पुढे काय झालं ते तर ऐकाच. आला होता मदतीला, पण राहिला. १९५८ च्या नोव्हेंबरात युनायटेडच्या मेन टीममध्ये उजव्या विंगला खेळायला लागला आणि १९५९ च्या मे महिन्यात लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इटलीविरुद्ध इंग्लंडकडून पहिली मॅच खेळला आणि त्यात गोल पण मारला. हौशी इंग्लंड आणि खरं इंग्लंड, दोन्हीच्या कॅप, म्हणजे देशाकडून खेळायचा मान, एकाच सीझनमध्ये. आणि हे सगळं चालू असताना हा माणूस मँचेस्टरमध्ये शाळेत शिकवत होता, पुढे हेडमास्तर झाला.

पण नुसता १९५८ चा किस्सा सांगून थांबलो तर त्या क्लबवर अन्याय होईल, कारण मदतीला धावून गेले म्हणून ते मोठे असं नाहीये, ते आधीपासूनच मोठे होते. गावात डरहॅमच्या बिशपचा जुना राजवाडा आहे, ऑकलंड कॅसल. १८८० च्या आसपास तिथे लाइटफूट नावाचे बिशप होते आणि धर्मशास्त्र शिकायला ऑक्सफर्ड केंब्रिजची पोरं त्यांच्याकडे येऊन राहायची. ती पोरं गावातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायला लागली, त्यातून क्लब झाला. म्हणून क्लबचा रंग दोन निळ्यांचा, ऑक्सफर्डचा गडद निळा आणि केंब्रिजचा फिका निळा, आणि लोक आजही त्यांना टू ब्लूज म्हणतात. आणि हे निळे कपडे घालून खेळणारं गाव कसलं तर आजूबाजूला सगळ्या कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे कारखाने. शेजारचं शिल्डन म्हणजे १८२५ ला जगातली पहिली वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक रेल्वे जिथून सुटली ते गाव.

१८८९ ला त्या भागात नॉर्दर्न लीग सुरू झाली. अजून चालू असलेल्या लीगांमध्ये जगातली दुसरी सगळ्यात जुनी, तिच्या आधीची म्हणजे आदल्या वर्षीची, 'फुटबॉल लीग' याच नावाची. सुरुवातीला तिथे पगारी खेळाडूही असायचे, १९०६ पासून सगळी हौशी झाली. बिशप ऑकलंडने ती १९ वेळा जिंकली. आणि हौशी क्लबांसाठी एफए अमॅच्युअर कप होता, १८९३-९४ ला चालू झाला आणि १९७४ ला बंद. ऐंशी वर्षांच्या काळात तो कप बिशप ऑकलंडने १० वेळा जिंकला आणि ८ वेळा फायनल हरले. १८ फायनल! लंडनचे मोठमोठे क्लब होते, आर्मीच्या टीमा होत्या, पण या गावाच्या जवळपास पण कुणी पोचलं नाही.

हरलेल्या फायनल मला जिंकलेल्यांपेक्षा जास्त ओढून घेतात, का ते सांगतो. १९४९ पासून ही फायनल वेम्बलीवर व्हायला लागली. १९५० ला हे तिथे गेले आणि शेजारच्याच विलिंग्टनकडून ४-० ने हरले. १९५१ ला पुन्हा गेले, समोर पेगॅसस, म्हणजे ऑक्सफर्ड केंब्रिजच्या पोरांनी मिळून काढलेला क्लब. ज्यांच्या पोरांनी साठ सत्तर वर्षांपूर्वी इथे बॉल आणला त्यांच्याच पुढच्या पिढीशी वेम्बलीवर एक लाख पब्लिकसमोर गाठ पडली आणि १-२ ने हरले. मग १९५४. समोर क्रुक टाऊन, हे गाव तर पाचसहा मैलांवर. वेम्बलीला एक लाख लोक, २-२. रिप्ले न्यूकॅसलला, पुन्हा २-२. तिसरी मॅच मिडल्सबरोला, क्रुक १-० ने जिंकलं. तिन्ही मॅचचं मिळून पब्लिक दोन लाखांच्या जवळ गेलं, आणि ते कुणासाठी तर दोन खाणवाल्या गावांच्या हौशी टीमांसाठी. वेम्बलीवर बिशप ऑकलंडच्या जिमी निमिन्सचा पाय मोडला, तेव्हा बदली खेळाडू उतरवायची पद्धतच नव्हती, बाकीच्या दहा जणांनी मॅच बरोबरीत ठेवली.

पाच वर्षांत तीन फायनल हरल्यावर दुसरी कुठली टीम असती तर फुटली असती. ही टीम १९५५ ला हेंडनविरुद्ध २-० ने जिंकली, दोन्ही गोल लेविनचे. १९५६ ला कॉरिंथियन कॅज्युअल्सला रिप्लेमध्ये ४-१ ने हरवलं, १९५७ ला वायकम वाँडरर्सला ३-१ ने. ओळीने तीन वर्षं कप. असं त्यांच्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. आणि १९५५ च्याच सीझनमध्ये खऱ्या एफए कपमध्ये, पगारी क्लबांच्या विरोधात, लंडनला जाऊन क्रिस्टल पॅलेसला ४-२ ने हरवलं, मग सेकंड डिव्हिजनच्या इप्सविचशी तिथे जाऊन २-२ आणि घरी आणून ३-० ने उडवलं, चौथ्या राउंडला यॉर्क सिटीने त्यांना थांबवलं, आणि ते यॉर्क त्या वर्षी सेमीफायनलपर्यंत गेलं.

त्याच काळातला त्यांचा शेमस ओकॉनेल. हा हौशी म्हणून चेल्सीकडूनही खेळायचा. १९५४ च्या ऑक्टोबरात चेल्सीकडून पहिलीच मॅच, समोर मँचेस्टर युनायटेड, चेल्सी ५-६ ने हरलं पण ह्याने हॅट्ट्रिक मारली. त्या सीझनला चेल्सी पहिल्यांदा इंग्लंडचा चॅम्पियन झाला. आजच्या चेल्सीच्या फॅनला विचारून बघा ओकॉनेल कोण.

हे खेळाडू कोण होते हेही सांगायला पाहिजे. हार्डिस्टी शाळेत पीटीचे सर. गोलकीपर हॅरी शॅरट शिक्षक. ब्रॅडली शिक्षक. आठवडाभर वर्गात खडू आणि शनिवारी मॅच. आता हौशी फुटबॉलमध्ये सगळं धुतल्या तांदळासारखं होतं असं मी म्हणणार नाही, प्रवासखर्चाच्या नावाखाली हातात पैसे ठेवायची पद्धत त्या काळी इंग्लंडभर बोकाळली होती, आणि शेवटी १९७४ ला एफएने हौशी आणि पगारी हा फरकच नियमांतून काढून टाकला. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं, कारण खोटं लिहून खोटं सांभाळण्यापेक्षा ते बरं. पण त्या निर्णयाबरोबर अमॅच्युअर कप गेला आणि ज्या क्लबांची अख्खी ओळख त्या कपवर उभी होती त्यांच्या पायाखालची जमीन गेली. खाणी तर त्याआधीच एकेक करून बंद पडत होत्या, माणसं कामासाठी बाहेर जात होती, घरात टीव्ही आला होता.

आपला धागा पण यात आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक. ब्रिटनच्या टीममध्ये बिशप ऑकलंडचे हार्डिस्टी आणि शॅरट होते. थायलंडला ९-० ने हरवलं, पुढच्या मॅचला बल्गेरियाने ६-१ ने धुतलं. त्याच स्पर्धेत आपली टीम होती, ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं आणि त्यात मुंबईत टाटाकडून खेळणाऱ्या आपल्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने हॅट्ट्रिक मारली, ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक मारणारा पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाकडून हरलो, ब्राँझच्या मॅचला त्याच बल्गेरियाकडून ०-३ ने, आणि चौथे आलो. म्हणजे त्या स्पर्धेत आपण ब्रिटनच्या पुढे होतो! नेव्हिल काय, हार्डिस्टी काय, दोघंही नोकरी सांभाळून खेळणारे. एकाच गावात, एकाच आठवड्यात होते. कुठल्या लेखात ही दोन नावं शेजारी शेजारी आलेली मी वाचली नाहीत.

पुढे क्लबचे दिवस वाईट आले. १९९६ ला पैशाच्या फार अडचणीत होते तेव्हा मँचेस्टर युनायटेडने आपली टीम पाठवून त्यांच्यासाठी मॅच खेळली, ३८ वर्षांपूर्वीची जाण ठेवली, याचं मला फार बरं वाटतं. किंग्सवे हे त्यांचं जुनं मैदान क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेलं, एका बाजूला क्रिकेटचं मैदान असल्यामुळे स्टँड तीनच बाजूंना. २००१ ला ते सोडावं लागलं आणि नंतर नऊ वर्षं ही टीम स्वतःच्या गावात खेळलीच नाही, शेजारच्या गावांची मैदानं मागून घेऊन खेळले. दहा कप जिंकलेला क्लब आणि हक्काचं मैदान नाही. तरी बंद पडला नाही, आणि २०१० ला गावाच्या कडेला हेरिटेज पार्क नावाचं स्वतःचं छोटं मैदान उभं केलं. मी तिथे मॅच बघितली, पब्लिक थोडंच होतं, पण म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन आलेली, आणि चहाच्या खिडकीपाशी एका आजोबांनी कोल्हापूरहून आलोय म्हटल्यावर मला १९५४ च्या तिन्ही मॅचची टीम तोंडपाठ म्हणून दाखवली. नावं, कोण कुठे खेळत होता, कुणाची नोकरी कुठे. मी ऐकतच राहिलो.

त्या अख्ख्या पट्ट्याचंच असं आहे. वेस्ट ऑकलंड नावाचं खेडं आहे तीन मैलांवर, तिथली खाणवाल्यांची टीम १९०९ ला इटलीत ट्युरिनला जाऊन सर थॉमस लिप्टनचा कप घेऊन आली, १९११ ला परत जाऊन युव्हेंटसला ६-१ ने हरवून कायमचा घेऊन आली आणि कर्ज फेडायला तो गावातल्या हॉटेलवालीकडे गहाण ठेवावा लागला. क्रुकचा जॅक ग्रीनवेल बार्सिलोनाचा कोच झाला, आणि १९३९ ला पेरूला दक्षिण अमेरिकेचं चॅम्पियन केलं. हे सगळं एका सायकलच्या टप्प्यात. आपल्या कोल्हापुरात शिवाजी पेठेतून मंगळवार पेठेत जावं एवढ्या अंतरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस हे तालमींचे आणि क्लबांचे फुटबॉल संघ सगळे येतात ना, तसं मला तिथे फिरताना वाटत होतं, हाडवैर तेच आणि नादही तोच.

फरक एकाच गोष्टीत आहे आणि त्यासाठीच हे पत्र, साहेब. आजोबांना ती नावं पाठ होती कारण ती कुठेतरी छापलेली होती. डार्लिंग्टनहून निघणारा नॉर्दर्न एको हा पेपर १८७० पासून चालू आहे, आणि या गावांच्या मॅचेस त्यात येत आल्यात, टीम कोण, गोल कुणी मारले. गावच्या लायब्ररीत जाऊन कुणालाही जुने अंक काढता येतात. कुणी लेखक नंतर येऊन पुस्तक लिहितो ते त्या छापलेल्या ओळींवर लिहितो.

आपल्याकडे? माझे वडील १९६० च्या दशकात हाफला खेळायचे. त्यांच्या तालमीची एक फायनल कोल्हापुरात अजून जुनी माणसं काढतात, पण त्या मॅचला अकरा जण कोण होते हे मला आज कुठेच सापडत नाही. तालमीतला फोटो आहे, मागे नावं नाहीत. ज्यांना माहीत होतं त्यातले बहुतेक गेले. जुन्या पेपरची कात्रणं मिळाली त्यात "अमक्या तालमीचा तमक्यावर दणदणीत विजय", वर पाहुण्यांची सात नावं, बक्षीस समारंभाला कोण कोण होतं ते सगळं, आणि खेळणाऱ्यांपैकी एक आडनाव, तेही नुसतं पाटील. कोल्हापुरात पाटील किती?

आजही तेच चाललंय. प्रीमियर लीगच्या मॅचला तुमच्या पेपरात पूर्ण टीम येते, कितव्या मिनिटाला गोल झाला ते येतं, आणि इथे शाहू स्टेडियमवर हजारोंच्या पब्लिकसमोर झालेल्या मॅचला चार ओळी. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर सेव्हन्टीन वर्ल्डकप खेळला तेव्हा सगळ्यांनी पानं भरून छापलं, चांगलंच केलं. पण तो ज्या गावातून आला त्या गावात त्याच्या आधी पाऊणशे वर्षं पोरं खेळत होती, त्यांचं काय? गडहिंग्लजला दिवाळीत स्पर्धा भरवणारी माणसं आहेत, कामठीला रब्बानी क्लब आहे, मिरजेला फुटबॉल आहे. या सगळ्यांची एकेक पिढी संपत चाललीय, आणि ज्यांच्याकडे अजून काही आठवणी आहेत त्यांच्याकडे आत्ताच जायला हवं.

म्हणून दोन मागण्या करतो. एक, म्युनिकच्या लेखाला जोडून बिशप ऑकलंडच्या त्या तीन खेळाडूंची नावं छोट्या चौकटीत का होईना पण छापा, युनायटेडप्रेमी पोरं आवडीने वाचतील याची मला खात्री आहे. दुसरी, यंदाची कोल्हापूरची लीग सुरू झाली की प्रत्येक मॅचखाली दोन्ही टीमचे खेळाडू पूर्ण नावासकट, गोल कुणाचा आणि कितव्या मिनिटाला, एवढं द्या, जागा लागते ती पाहुण्यांच्या नावांमधून काढा. आणि वाचकांना आवाहन करा की ज्यांच्या घरी तालमीचे, क्लबचे जुने फोटो आहेत त्यांनी ते पेपरकडे आणून दाखवावेत, आठवड्याला एक छापा, नावं ओळखायला आम्ही पेठेतली म्हातारी माणसं बसतो. माझ्याकडचा वडिलांचा फोटो मी पहिला देतो, त्यातले चार जण मला ओळखता येतात, बाकीचे सात कुणीतरी सांगावेत.

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर